काशीनरेशांची विहीर, स्टोक रोचं पाणी

विहीर खोदायला 353 पौंड 13 शिलिंग 7 पेन्स लागले. पाणी ओढायच्या यंत्राचे 39 पौंड 10 शिलिंग वेगळे, रखवालदाराच्या घराचे 74 पौंड 14 शिलिंग 6 पेन्स आणखी वेगळे. हिशेब असा पै-पैशाचा ठेवला गेला, कारण पैसे देणारा सातासमुद्रापलीकडे होता आणि हिशेब ठेवणारा उभी हयात कंपनी सरकारच्या नोकरीत मुरलेला.

इंग्लंडच्या दक्षिण ऑक्सफर्डशायरमध्ये, हेन्ली गावापासून पश्चिमेला सुमारे 8 किलोमीटरवर स्टोक रो नावाचं खेडं आहे. वस्ती हजाराच्या आत. गावातल्या रस्त्याला लागूनच ओतीव लोखंडाच्या खांबांवर तोललेला एक घुमट दिसतो. घुमटाखाली रहाटाचं यंत्र आणि यंत्रावर सोनेरी हत्ती. घुमटाच्या खालच्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलंय की, हिंदुस्थानातल्या बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली.

साम्राज्याच्या काळात दानधर्म कोणत्या दिशेने वाहत असे, किंवा वाहतो असं भासवलं जात असे, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. इथे तो उलटा वाहिला. असं का झालं हा या प्रकरणातला पहिला प्रश्न. पाण्यासाठी विहिरीची गरज संपल्यावरही गावाने ती का सांभाळली हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जास्त रंजक आहे, दुसऱ्याचं जास्त उपयोगी.

डोंगरमाथ्यावरचं कोरडं गाव

हिरव्यागार, सतत पावसात भिजणाऱ्या इंग्लंडमध्ये पाणीटंचाई हे आपल्याला सहज पटत नाही. पण चिल्टर्न टेकड्यांचं भूगर्भच तसं आहे. खाली जाडच्या जाड खडूचा, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीचा थर, वर चिकणमाती आणि गारगोट्यांचं आवरण. खडू सच्छिद्र असल्याने पावसाचं पाणी त्यातून थेट खाली उतरतं आणि खूप खोल जाऊन साठतं. पायथ्याच्या गावांना झरे मिळतात. माथ्यावरच्यांना पाऊस दिसतो, पण पाणी हाती लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

स्टोक रोचे लोक तळ्यांवर आणि मातीच्या खाणींत साचलेल्या पाण्यावर दिवस काढत. या भागात विटांचा धंदा होता. माती काढून झाली की खड्डे उरत आणि त्यांत गढूळ पाणी साठे. उन्हाळा लांबला की तेही आटे. मग मैलोन्‌मैल जाऊन पाणी आणायचं, स्वयंपाकाचं पाणी पुन्हा वापरायचं, धुणं पुढे ढकलायचं. खोल विहीर हा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. पण शेकडो फूट खोदायचं म्हणजे खर्च, आणि इथली माणसं वीटभट्टीवर, बीच नावाच्या झाडांच्या जंगलात लाकूडकामावर आणि शेतमजुरीवर जगणारी. गावाला सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचं चर्च 1846 मध्ये मिळालं, पी. सी. हार्डविक या नामांकित वास्तुकाराच्या आराखड्यानुसार. भरवशाचं पाणी मिळायला त्यानंतर 18 वर्षं गेली.

रीडसाहेब आणि महाराज

स्टोक रोच्या शेजारचं गाव इप्सडेन. तिथल्या जमीनदार रीड घराण्यातला एडवर्ड अँडर्टन रीड 1807 चा. कादंबरीकार चार्ल्स रीड त्याचा धाकटा भाऊ. एडवर्ड कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि वायव्य प्रांतांत (आजच्या उत्तर प्रदेशाच्या बऱ्याचशा भागात) वाढत वाढत वरच्या पदांवर गेला. 1831 मध्ये आझमगडला असताना त्याने तिथल्या लोकांसाठी एक विहीर खोदवून घेतली. पुढे तो बनारसला आला आणि महाराज ईश्वरी प्रसाद नारायण सिंहांशी त्याचा चांगला स्नेह जुळला. महाराज 1835 पासून गादीवर होते. रामनगरची रामलीला भरभराटीला आणणारे आणि पंडित-कवींना आश्रय देणारे म्हणून काशीत त्यांचं नाव आजही घेतलं जातं.

गप्पांत कधीतरी रीडने आपल्या मुलखातल्या पाण्याच्या हालांची गोष्ट सांगितली. एका झोपडीत तहानलेल्या पोराने घरात उरलेलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं आणि त्याबद्दल आईने त्याला बडवलं. रीड 1860 मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेला. काही काळाने महाराजांनी इंग्लंडमध्ये काही धर्मकार्य करायचं मनात आणलं, तेव्हा त्यांना आझमगडची विहीर आणि ते मार खाल्लेलं पोर आठवलं. विहिरीची कथा सहसा इथूनच सुरू होते आणि इथेच संपते: दोन मित्र, एक तहानलेलं मूल, एक उदार राजा.

गोष्ट खरी नसावी असं मी म्हणत नाही. एवढी साधी आणि घरगुती गोष्ट मुद्दाम रचायचं कोणाला काही कारण नव्हतं. पण ती एकटी पुरत नाही. शेवटी राजे आपला पैसा कुठे आणि कधी खर्च करतात याला दयेशिवाय आणखीही कारणं असतात.

तारखा काय सांगतात

खोदकाम सुरू झालं 10 मार्च 1863 रोजी. त्या दिवशी विंडसरला प्रिन्स ऑफ वेल्सचं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचं, राजकन्या अलेक्झांड्राशी लग्न होतं. विहीर लोकांसाठी खुली झाली 24 मे 1864 रोजी. तो व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. 1871 मध्ये राजकन्या लुईझचं लग्न मार्क्विस ऑफ लॉर्नशी झालं, तेव्हा महाराजांच्या खर्चाने तिथे पायवाट झाली. 1882 मध्ये विंडसरला राणीवर गोळी झाडली गेली आणि ती वाचली, तेव्हा महाराजांनी स्टोक रोच्या गावकऱ्यांना पाव, चहा आणि साखर वाटायला पैसे पाठवले. गाव चिल्टर्नमधलं, पण दानाचं पंचांग राजवाड्याचं होतं.

याचं कारण समजायला बनारस संस्थानाची स्थिती पाहावी लागते. 1775 मध्ये अवधच्या नवाबाकडून बनारस कंपनीच्या ताब्यात आलं. 1781 मध्ये राजा चेतसिंहाचा वॉरन हेस्टिंग्जशी खटका उडाला आणि चेतसिंहाला गादी सोडून पळावं लागलं. 1794 च्या करारानंतर बहुतेक मुलखाचा कारभार कंपनीने स्वतःकडे घेतला. म्हणजे 1863 मध्ये काशीनरेश मानाने महाराज होते, पण अधिकाराने बऱ्याच अंशी मोठे जमीनदार. पूर्ण संस्थानिकाचा दर्जा त्या घराण्याला थेट 1911 मध्ये मिळाला. अशा माणसाला लंडनमध्ये आपलं नाव ठाऊक असणं ही चैनीची बाब नव्हती.

त्यात मध्ये 1857 येऊन गेलं होतं. महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. रीड त्या वेळी आग्र्याच्या किल्ल्यात होता. 9 सप्टेंबरला लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन वारला आणि काही काळ प्रांताचा उरलासुरला कारभार सर्वांत ज्येष्ठ मुलकी अधिकारी म्हणून रीडच्या अंगावर पडला. दोघांनीही ते वर्ष एकाच बाजूने काढलं होतं. म्हणून स्टोक रोची विहीर ही 57 नंतरच्या निष्ठेची एक देखणी पावती आहे, असं म्हणणाऱ्याला मी खोडून काढणार नाही. एवढंच म्हणेन की हा हिशेबाचा अर्धाच ताळेबंद आहे.

पूर्तधर्माचा दाखला

दुसरा अर्धा ताळेबंद आपल्याच परंपरेत आहे. स्मृतींमधला श्लोक आपल्याकडच्या कीर्तनकारांनाही पाठ असतो: ‘वापीकूपतडागादि देवतायतनानि च। अन्नप्रदानमारामः पूर्तमित्यभिधीयते।’ विहिरी, तळी, देवळं, अन्नदान आणि बागा म्हणजे पूर्त. या श्लोकाची यादी हातात घेऊन स्टोक रोकडे पाहा. विहीर आहेच. विहिरीजवळ सुमारे चार एकरांची चेरीची बाग लावली गेली, तिचं नाव ईश्वरी बाग. बागेत माशाच्या आकाराचं तळं केलं, त्याचं नाव मत्स्य. 1882 चं पाव-साखरेचं वाटप हे अन्नदान. यादीतलं फक्त देऊळ तेवढं राहिलं, आणि ते चर्चच्या गावात राहणं साहजिक होतं.

हे महाराजांनी यादी वाचून केलं, असा माझा दावा नाही. पण अठराव्या शतकात काशी विश्वनाथाचं देऊळ उभारणाऱ्या आणि वाटावाटांवर विहिरी-बारव बांधणाऱ्या अहिल्याबाईंच्या लोकांना ही मांडणी ओळखता येईल. राजाने दान करायचं म्हणजे काय करायचं, याचा साचा काशीत तयार होता. राजकारणाने दानाची वेळ आणि ठिकाण ठरवलं असेल, पण त्याचा आकार धर्माने ठरवला. इंग्रजी लेखनात या विहिरीकडे विलक्षण लहर म्हणून पाहायची सवय आहे. काशीच्या चष्म्यातून पाहिलं तर ती नेहमीचीच गोष्ट वाटते, फक्त पत्ता वेगळा.

त्या काळात ही एकटीच देणगी नव्हती हेही लक्षात घ्यावं. शेजारच्या इप्सडेनमध्ये बनारसच्याच राजा सर देवनारायण सिंहांच्या पैशातून विहीर झाली. विजयानगरमच्या महाराजांनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये पाणपोई उभारली. ती 1867 ची. 1964 मध्ये ती काढून टाकली गेली. आणि आपल्या मुंबईचे सर कावसजी जहांगीर रेडीमनी. मुंबईत त्यांनी पाणपोया बांधल्याच, शिवाय 1869 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्यांच्या देणगीतून झालेली पाणपोई उघडली गेली. ती अजून उभी आहे. तिच्यावरच्या लेखात ब्रिटिश राज्याखाली आपल्याला आणि आपल्या पारशी बांधवांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल इंग्लंडच्या लोकांचे आभार मानले आहेत.

दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. रेडीमनींची पाणपोई उपकारांची फेड आहे, तसं ती स्वतःच सांगते. स्टोक रोच्या घुमटावर ना संरक्षणाचा उल्लेख, ना कृतज्ञतेचा. बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली, बस. तारखा कितीही दरबारी असोत, वाक्य देणाऱ्याच्या तोऱ्यातलं आहे. मला हे वाक्य आवडतं.

चार फूट रुंद, 368 फूट खोल

खरा पराक्रम मात्र जमिनीखाली आहे. विहिरीचा व्यास जेमतेम चार फूट आणि खोली 368 फूट. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल 365 फूट उंच आहे. कुतुबमिनार या विहिरीत उतरवला, तर त्याच्या डोक्यावर अजून सव्वाशे फूट रिकामे राहतील. आणि हे सगळं हाताने खोदलेलं. चार फुटांत एकाच माणसाला कसंबसं काम करता येतं. तो दोराने खाली उतरायचा, आखूड दांड्याच्या हत्याराने खोदायचा, निघालेली माती आणि खडू बादलीत भरायचा, वरचे लोक बादली ओढून घ्यायचे. आधी मातीचा आणि गारगोट्यांचा थर, मग खडूच खडू. जसजसं खोल जावं तसतशी हवा कोंदट, उजेड नाण्याएवढा, आणि वरून सुटलेला एखादा दगड म्हणजे मरण. चौदा महिने हे काम चाललं.

वरचं यंत्र आणि लोखंडी काम वॉलिंगफर्डच्या वाइल्डर घराण्याच्या ओतशाळेतलं. शेतीची अवजारं करणाऱ्या कारखान्याने भारतीय वळणाचा घुमट ओतला. तो बनारसमधल्या कोणत्याच वास्तूसारखा दिसत नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडच्या मनात हिंदुस्थान जसा दिसत होता, तसा तो आहे.

एवढ्या खोलीवरून भरलेली बादली वर यायला दहा मिनिटं लागत. म्हणजे तासाभरात सहा बादल्या. दारात नळ असलेल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण ते पाणी खडूच्या शेकडो फूट थरातून गाळून आलेलं होतं, उन्हाळ्यात आटत नव्हतं आणि त्याला पैसे पडत नव्हते.

रखवालदार आणि चेरी

‘पैसे पडत नव्हते’ हे कसं साधलं, हा या प्रकरणाचा मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा भाग आहे. विहीर देऊन महाराज मोकळे झाले नाहीत. रीडने विश्वस्त नेमले, जागा विश्वस्तांच्या नावे केली आणि पाणी सगळ्यांना कायमचं फुकट राहील असं ठरवलं. यंत्राला तेल, दोराला देखभाल, भांडणाला मध्यस्थ लागणार, म्हणून राखणीला माणूस नेमला आणि त्याला विहिरीजवळ राहायला छोटं घर बांधून दिलं. त्या माणसाचा आणि दुरुस्तीचा खर्च कुठून यायचा? म्हणून चेरीची बाग. चिल्टर्नच्या या भागात चेरी चांगली पिकते. फळं विकून येणाऱ्या पैशातून विहीर चालावी, अशी योजना.

आपल्याकडे पाणीयोजनांची उद्घाटनं थाटात होतात. फीत कापली जाते, फोटो छापून येतो, आणि तिसऱ्या वर्षी मोटर जळाली की ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद एकमेकांकडे बोट दाखवतात. 1864 मधल्या या छोट्या योजनेत मोटर जळण्याचा, म्हणजे दोर तुटण्याचा, विचार पहिल्या दिवशीच झाला होता. एका फळबागेवर किती भार टाकावा यावर वाद घालता येईल. पण उत्पन्नाचं साधन मालमत्तेला चिकटवून देणं, राखणारा माणूस त्याच आवारात राहायला ठेवणं आणि मालकी एका व्यक्तीऐवजी विश्वस्तांकडे देणं या तीन गोष्टी जुळून आल्या म्हणून विहीर चालली. आणि पुढे कोरडी वेळ आली तेव्हा ती वाचलीही त्यामुळेच.

हे रीडचं काम. त्याच्या चिकाटीला इतिहासाने फारसं श्रेय दिलेलं नाही. उतारवय त्याने या चार एकरांत घातलं. बाग आखली, तळं खणवलं, टेकाड रचवलं आणि त्याला ‘प्रभू टीला’ असं नाव दिलं. तो 1886 मध्ये वारला. महाराज 1889 मध्ये. आपल्या पैशाने झालेली ही विहीर त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नाही.

नळ आल्यानंतर

विहिरीने साधारण 70 वर्षं गावाला पाणी पाजलं. मग नळ आले आणि रहाट थांबला. जगभरच्या सार्वजनिक विहिरींची गोष्ट इथून पुढे एकसारखीच असते: कचरा, झाकण, विस्मरण. पुण्या-मुंबईतल्या किती विहिरी भराव घालून बुजल्या याची मोजदाद करणं कठीण.

स्टोक रोची विहीरही काही काळ हलाखीत गेली. तिला वाचवणाऱ्या गोष्टी मला दोन दिसतात. एक, विश्वस्त मंडळ अस्तित्वात होतं. पाणी उपसणं थांबलं तरी जमीन, घर आणि घुमट यांना कायदेशीर वाली होता. बेवारस विहीर बुजवायला कोणाची परवानगी लागत नाही. या विहिरीला लागली असती. दुसरी गोष्ट म्हणजे नातं पुन्हा जिवंत झालं. 1961 मध्ये एलिझाबेथ राणी भारतात आली आणि बनारसलाही गेली. तेव्हाचे काशीनरेश विभूती नारायण सिंह यांनी तिला या विहिरीची छोटी प्रतिकृती भेट दिली. तीन वर्षांनी विहिरीची शताब्दी होती. 8 एप्रिल 1964 रोजी प्रिन्स फिलिप स्टोक रोला आले आणि बनारसहून आणलेलं गंगाजल विहिरीत मिसळलं गेलं.

शताब्दीला मी उत्सवापेक्षा अधिक महत्त्व देतो. 1864 मध्ये हे दान एका अंकित राजाकडून साम्राज्याकडे गेलं होतं. 1964 मध्ये भारत स्वतंत्र प्रजासत्ताक होता, काशीच्या गादीला राजकीय सत्ता उरली नव्हती, आणि साम्राज्यही संपत आलं होतं. तरी सोहळा झाला, कारण त्यातला निष्ठेचा भाग गळून पडला आणि पूर्ताचा भाग तेवढा राहिला. गावाच्या दृष्टीने तर सोहळ्याने एक गोष्ट केली: विहीर उपयोगाची नसूनही ती आपली आहे हे ठरून गेलं. त्यानंतर डागडुजी झाली, घुमटाला रंग आणि हत्तीला सोनेरी झळाळी परत मिळाली. ती आता संरक्षित वास्तूंच्या अधिकृत यादीत आहे. जागेची व्यवस्था अजूनही धर्मादाय न्यासाकडेच आहे.

गाव पाहायला जाणारा माणूस साधारण काय करतो? घुमटाचा आणि हत्तीचा फोटो काढतो, बागेत चक्कर मारतो, मग ‘चेरी ट्री’ किंवा ‘क्रुकेड बिलेट’ या जुन्या पबांपैकी एकात जाऊन बसतो. यात वावगं काही नाही. पण या स्थळाची मांडणी करायची झाली तर मी दोन बदल सुचवेन. पहिला, गोष्ट तहानलेल्या पोरापासून सुरू व्हावी, पण 1781 आणि 1857 वगळून पुढे सरकू नये. महाराजांना निव्वळ दयाळू म्हणून दाखवणं म्हणजे त्यांना भाबडं ठरवणं आहे, आणि ते भाबडे नव्हते. दुसरा बदल त्याहून सोपा. विहिरीचं जे खरं काम, ती 368 फूट खोली, तीच पाहणाऱ्याला दिसत नाही. वरून डोकावलं तर काळोख तेवढा दिसतो, आणि काळोख पन्नास फुटांचा असो की पाचशे, सारखाच. तेव्हा घुमटाच्या पायरीपासून गावच्या रस्त्याकडेने 368 फूट मोजावेत आणि तिथे जमिनीत एक फरशी बसवावी, खोदणं सुरू केल्याची आणि पाणी लागल्याची वर्षं कोरून. खर्च फार येणार नाही, आणि एखादं पोर तेवढं अंतर धावून परत आलं की त्याला धापा टाकत का होईना, खोली कळेल.